सरांनी लिहिलं तसं

कम्प्युटर लॅबच्या खिडकीच्या जाळीला कापूस चिकटायला लागला की मला कळतं, प्रॅक्टिकल जवळ आले. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. खामगावात जिनिंगचा हंगाम संपत येतो तेव्हा हवेत एक बारीक तंतू तरंगत असतो. तो केसांत बसतो, चहाच्या कपात पडतो, कम्प्युटरच्या पंख्यात जाऊन अडकतो. सोबतीला सरकीच्या ढेपेचा जडसर वास असतो. कडूलिंबाची पिवळी पानं व्हरांड्यात साचतात आणि मुलं त्यांच्यावरून चपला घासत येतात. दुपारचा वारा गरम व्हायला लागलेला असतो, पण कूलर काढावा इतकाही नाही. अशा हवेत लोकांना सर्दी होते, खोकला होतो. मला लाज वाटते.

आधी कान तापतात. मग मी कारण नसताना रुमाल काढून चष्मा पुसत बसतो. बायको विचारते, "ऊन लागलं काय?" मी हो म्हणतो. फेब्रुवारीतलं ऊन कोणाला लागत नाही हे तिलाही ठाऊक आहे, पण ती पुढे विचारत नाही आणि कैरी अजून आलेली नसते म्हणून लिंबाचंच सरबत करून देते. मी ते मुकाट्याने पितो.

मी मूळचा गणिताचा माणूस. खामगावात आणि आजूबाजूच्या गावांत मला नावाने फारसं कोणी ओळखत नाही, 'गणिताचे सर' म्हणतात. एसटीत चढलो की कोणीतरी जागा देतं. लग्नात गेलो की हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवतात. कॉलेजसमोरचा चहावाला न सांगता माझ्या कपात साखर कमी टाकतो. एका घरातल्या बापाला शिकवलं, आता त्याच घरातल्या पोरीला शिकवतोय, असं होऊ लागलं तसा हा मान आणखी वाढला. मला हे सगळं आवडायचं, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोला, अजूनही आवडतं.

मग अभ्यासक्रम बदलला आणि बीएस्सीच्या मुलांना पायथन आलं. ही कम्प्युटरला कामं सांगायची भाषा. कोण शिकवणार, असा प्रश्न स्टाफरूममध्ये निघाला तेव्हा सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. मी म्हणालो, "मी शिकवतो. गणितच आहे ते शेवटी." हे वाक्य मी कोणत्या बळावर बोललो ते माझं मलाच माहीत. इंटिग्रेशन येणाऱ्या माणसाला काहीही येतं, अशी माझी त्या काळी पक्की समजूत होती. त्या वर्षी मी संध्याकाळी शिकायचो आणि सकाळी शिकवायचो. मुलांच्या पुढे माझं अंतर असायचं ते फक्त एका रात्रीच्या झोपेचं.

आमच्या लॅबमध्ये मशीन कमी आणि मुलं जास्त. त्यात वीज कधी जाईल सांगता यायचं नाही. म्हणून मी प्रोग्रॅम आधी फळ्यावर शिकवायचो, खडूने. माझं अक्षर चांगलं आहे. कोलन द्यायचो तो दोन ठसठशीत टिंबांचा. पायथनमध्ये कुठली ओळ कोणाच्या पोटात आहे हे ती किती आत सरकवली त्यावरून ठरतं. ते मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून मी फळ्यावर डावा पंजा आडवा ठेवायचो आणि चार बोटं सोडून पुढे लिहायचो. "चार बोटं आत," असं म्हणत म्हणत. मुलंसुद्धा आपापसांत तसंच म्हणायची. कोणाचा प्रोग्रॅम अडला की शेजारचा म्हणायचा, "बे, चार बोटं सोडली नाही तू." ते ऐकून मी खूश व्हायचो.

लिहून झालं की मी हात झटकत विचारायचो, "समजलं?"

"हो सऽऽर!"

तोवर माझ्या हातात डस्टर आलेला असायचा आणि निम्मा फळा पुसून झालेला असायचा.

लॅबच्या दाराबाहेर चपला काढायची पद्धत आमच्याकडे अजूनही आहे. धुळीने मशीन खराब होतात असं कारण सांगतात, पण मुलं ज्या तऱ्हेने उंबऱ्यापाशी वाकून चपला काढतात ते पाहून देवळाचीच आठवण येते. त्या वर्षी, हिवाळ्याच्या शेवटी, एका दुपारी बाहेर चपलांचा ढीग आणि आत एकही प्रोग्रॅम चालत नाही, अशी गत झाली. साधा प्रोग्रॅम होता. नावांमधून एकाची चिठ्ठी काढायची. असली चिठ्ठी काढायचं काम दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या तयार कामाला लायब्ररी म्हणतात. आपण फक्त तिचं नाव घेऊन बोलवायचं. माझ्या घरच्या मशीनवर ती येत होती. इथे प्रत्येक मशीनवर लाल अक्षरं येत होती की या लायब्ररीत असलं काही नाहीच.

मी दिवसभर झटलो. पायथन काढून टाकलं, परत घातलं, मशीन बंद केल्या, चालू केल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मुलं माझ्यामागे अनवाणी उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी आलो तर सगळ्या मशीनवर प्रोग्रॅम सुरळीत. मी म्हणालो, "बघा, नव्याने घातलं की सुटतो प्रश्न." मुलं म्हणाली, "हो सर." मागच्या रांगेतून वैष्णवी जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

खरा घोटाळा माझ्या शिस्तीत होता, हे मला पुढे कळलं. 'ज्या विषयाचा प्रोग्रॅम, त्याच विषयाचं नाव फाईलला द्यायचं', असा मी पहिल्याच दिवशी दंडक घातला होता. त्यामुळे मुलांनी आपल्या फाईलला जे नाव दिलं तेच त्या लायब्ररीचंही होतं. कम्प्युटर बिचारा नाव ऐकून सगळ्यात आधी जवळ बघतो. त्याला शेजारीच त्या नावाची फाईल सापडायची आणि तो तिलाच लायब्ररी समजून उघडायचा. पायथन शंभरदा घातलं असतं तरी काही झालं नसतं. मी घरी गेल्यावर मुलांनी एकेका मशीनवरच्या फायलींची नावं बदलली होती. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीचं कौतुक केलं तेव्हा त्यांनी नुसतं 'हो सर' म्हटलं.

वैष्णवीबद्दल सांगायला हवं. ती वरवट बकालहून एसटीने यायची. बाप भाजीपाला करणारा, वांगी-मिरची, थोडी कपाशी. तोही माझाच विद्यार्थी. गणितात यथातथा, पण रस्त्यात दिसला की सायकलवरून उतरायचा, आता मोटरसायकलवरून उतरतो. पोरीचं डोकं वेगळं होतं. तिला पुण्याला जाऊन कम्प्युटरचंच पुढचं शिकायचं होतं. बाप मला एकदा कॉलेजात येऊन म्हणाला होता, "सर, फर्स्ट क्लास आला त पाठवतो तिले. नाई त मंग घरचे आयकत नाई, स्थळं येऊन राह्यले." एवढं सांगून त्याने पोरगी जणू माझ्याच हवाली केली. "तुमी हाय म्हनून काळजी नाई," असंही म्हणाला. मी मान डोलावली. असल्या वेळी मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

तर प्रॅक्टिकलच्या आधी शेवटचा मोठा भाग राहिला होता, क्लास. पायथनमध्ये क्लास म्हणजे एक साचा. एकदा साचा केला की त्यातून हव्या तितक्या वस्तू काढता येतात, प्रत्येकीचं सामान वेगळं. पुस्तकातलं उदाहरण विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचं होतं. ते मला कोरडं वाटलं. मी म्हटलं, आपल्या मुलांना आपलं उदाहरण देऊ. बाजार समिती घेऊ. साचा शेतकऱ्याचा. प्रत्येक शेतकऱ्याचं एक नाव आणि त्याने बाजारात आणलेला माल. कापूस आणला की त्याच्या मालात कापूस जमा, तूर आणली की तूर. मुलं खुलली. "सर, सोयाबीन पन टाका," असं कोणी म्हणालं. वर्गात हशा पिकला. फळ्यावर मी झोकात लिहिलं. "प्रत्येकाचा माल वेगळा," असं तोंडाने म्हणत मी मालाची रिकामी जागा साच्याच्या अगदी वर लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

ती तिथे लिहायची नसते. तिथे लिहिली की ती एकच जागा सगळ्या शेतकऱ्यांची सामाईक होते. प्रत्येकाला वेगळी हवी असेल तर शेतकरी तयार होतो त्या क्षणी, आतल्या भागात, ती द्यावी लागते. वरवर काही फरक दिसत नाही, आणि एकच शेतकरी घेतला तर कधीच दिसत नाही. मी फळ्यावर एकच घेतला होता. गणपत. गणपतचा कापूस, गणपतची तूर, उत्तर बरोबर. "समजलं?" "हो सऽऽर!" डस्टर.

दुसरं कोणी आलं, समजा शांताबाई, की गणपतचा कापूस शांताबाईच्या नावावर पडतो आणि शांताबाईची तूर गणपतच्या. बाजार समितीत असं झालं असतं तर हाणामारी झाली असती. माझ्या वर्गात काही झालं नाही.

मार्च लागला. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी व्हरांडा झाडून घेतला होता तरी पानं परत पडलीच. बाहेरच्या परीक्षक म्हणून अकोल्याहून एक मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, सुती साडी, पायात बूट. लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि वाकून लेस सोडायला लागल्या. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणालो. "नको, पद्धत आहे ना," असं म्हणून त्या मोज्यांवर आत आल्या. चहा झाला. त्यांनी प्रश्न वाटले. शेतकऱ्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना होता, कारण अंतर्गत परीक्षक म्हणून तो मीच सुचवला होता. हमखास मार्क मिळतील असा.

मॅडम पहिल्या मशीनपाशी गेल्या. एक शेतकरी, उत्तर बरोबर. "छान. आता दुसरा शेतकरी कर, त्याला वेगळा माल दे आणि दोघांचा दाखव." मुलाने केलं. पडद्यावर दोघांच्या नावापुढे सगळाच माल. मॅडम म्हणाल्या, "असं कसं झालं?" मुलाने मान खाली घातली. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढे सरकल्या. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. मला अजून काही कळलेलं नव्हतं. पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं असणार, असंच मला वाटलं आणि रागही आला. कसं तरी हसून मी मॅडमना म्हणालो, "पाठ करतात हो, समजून घेत नाहीत." हे मी बोललो. आज ते आठवलं की आधी सांगितलं तसे कान तापतात.

वैष्णवी खिडकीजवळच्या मशीनवर होती, त्या कापूस लागलेल्या जाळीपाशी. मॅडम तिच्या आधीच्या मुलीशी बोलत होत्या म्हणून मी एकटाच पुढे होऊन तिच्या मागे उभा राहिलो. तिच्या पडद्यावर दोन शेतकरी होते आणि दोघांचा माल वेगळा होता. कापूस इकडे, तूर तिकडे. मी कोडकडे पाहिलं. मालाची रिकामी जागा वर नव्हती. तिने ती खाली, आतल्या भागात लिहिली होती. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, सगळा एकदम.

तेवढ्यात मॅडमची चाहूल लागली. वैष्णवीने मान वळवली, तिला मी दिसलो, आणि माझ्यामागून येणाऱ्या मॅडम दिसल्या. ती बावरली. तिने ती ओळ पटकन निवडली, कापली, वर गेली आणि मी फळ्यावर जिथे लिहिली होती तिथे नेऊन चिकटवली. मग हात मांडीवर घेऊन बसली.

मॅडमनी तिला दोन शेतकरी करायला सांगितले. पडद्यावर घोळ. "चूक कुठे आहे सांगता येईल?"

वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "नाही मॅडम."

तिच्या फर्स्ट क्लासचं, पुण्याचं, येऊन राहिलेल्या स्थळांचं सगळं त्या एका ओळीच्या जागेवर टांगलेलं होतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तिने ओळ वर नेली, बाहेरच्या माणसासमोर सरांचं चुकलेलं दिसू नये म्हणून. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. मॅडम कागदावर टिपायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला, तो माझा वाटला नाही.

"मॅडम, थांबा. हे मी शिकवलंय असं. चूक माझी आहे. फळ्यावर मीच तसं लिहिलं."

एकाही मुलाने मान वर केली नाही. मॅडमनी पेन थांबवला. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, पण मार्क तर त्यांचे आहेत." थोडा विचार करून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी तुम्हाला थोडा वेळ देते. शांतपणे बघा. ज्याला दुरुस्त करता येईल त्याने करा, मी परत तपासते." आणि त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसायला निघाल्या.

त्या बसल्यासुद्धा नव्हत्या. कळांचा खडखडाट एकदाच झाला, सगळ्या मशीनवर मिळून, आणि थांबला. मी वळून पाहिलं. सगळी मुलं हात मांडीवर घेऊन बसली होती. झालं होतं. सगळ्यांचं. कोणी शोधलं नाही, कोणी डोकं खाजवलं नाही, कोणी शेजारी डोकावलं नाही. ओळ खाली न्यायची आहे हे त्या लॅबमधल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं, आणि माहीत नसलेला एकच माणूस तिथे अंतर्गत परीक्षक म्हणून बसला होता.

मॅडमनी पुन्हा एक चक्कर मारली आणि मार्क दिले. निघताना बुटाची लेस बांधता बांधता एवढंच म्हणाल्या, "मुलं चांगली आहेत तुमची." मी चष्मा पुसत होतो.

मुलं पांगायच्या आत मी त्यांना व्हरांड्याच्या पायऱ्यांवर गाठलं. चपला घालायचं विसरलो होतो आणि पायरी तापली होती, म्हणून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असा उभा होतो. रागवायचं होतं की माफी मागायची होती, मलाच ठरवता येत नव्हतं. एरवी वर्गात मी शुद्ध बोलतो, पण त्या दिवशी तोंडातून आपोआप घरची भाषा आली.

"काऊन सांगतलं नाही बे मले? एकानं पन?"

सगळे खाली बघायला लागले. शेवटी वैष्णवी म्हणाली, "सर, तुमी येवढ्या चांगल्या अक्षरात लिवलं होतं. तुमाले कसं म्हनाव, चुकलं म्हनून?"

"आन तुह्ये मार्क गेले असते तं?"

"ते त गेलेच असते, सर." तिने हे अगदी सहज सांगितलं. मग म्हणाली, "पन तुमी त्या मॅडमसमोर खाली पाहाल, ते आमाले नसतं पाहवलं."

मागून एक मुलगा धीर करून बोलला, "सर, आमी घरी बरोबरच करून राह्यलो होतो. तुमी आले का तुमच्यावानी करू." हे त्याने मला दिलासा द्यावा म्हणून सांगितलं होतं. लायब्ररीच्या फायलींचंही त्यानेच सांगून टाकलं, त्याच दिलाशाच्या भरात. मी पायऱ्या उतरून चालू लागलो, तेव्हा वैष्णवी माझ्या चपला हातात घेऊन मागे धावत आली.

त्या संध्याकाळी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती पोरांना नावं ठेवेल किंवा निदान माझी कीव करेल. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "घरात तरी तुमाले कोन सांगते? गाडीचं इंडिकेटर चालूच राह्यते तुमचं. कॉलेजातून निघता ते इथंवर टुकटुक करत येता. सारी गल्ली पाहाते."

"कधीपासून?"

"गाडी घेतली तवापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं होतं एकदा. तुमी म्हनले, मले गाडी चालवणं शिकवतेस काय?"

मला हे आठवत नव्हतं. ते बोललो असणार यात मात्र शंका वाटली नाही. जेवण टाकून मी बाहेर गेलो आणि किल्ली फिरवली. अंधारात डाव्या बाजूचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. समोरच्या ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याने नमस्कार केला, "नमस्कार सर!" आणि अतिशय नम्रपणे दुसरीकडे पाहिलं.

तेव्हापासून माझी एक गोष्ट कायमची बिघडली आहे. 'हो सर' ऐकलं की पूर्वी छाती फुगायची, आता मी चष्मा पुसायला रुमाल शोधतो. या हो सरच्या मागे काय झाकलंय, हे कळायला मार्ग नाही. आणि सगळ्यात वाईट विचार गणिताचा येतो. पायथन नवं होतं, तिथे चुकलो, ठीक आहे. पण इतक्या वर्षांचं गणित? त्या फळ्यांवर मी कुठे कुठे चुकलो असेन आणि कोणी कोणी घरी जाऊन शांतपणे दुरुस्त केलं असेल? वैष्णवीच्या बापाला गणितात यथातथा म्हणालो मी मघाशी. तो हुशार नव्हता, की नुसता सभ्य होता, हे आता मी कोणाला विचारू? तो रस्त्यात मोटरसायकलवरून उतरतो तेव्हा मी हल्ली नजर चुकवून पटकन पुढे जातो, आणि त्यालाही वाटत असेल, सर घाईत आहेत.

वैष्णवीला फर्स्ट क्लास मिळाला. ती पुण्याला गेली, शिकली, तिथेच नोकरीला लागली. दर शिक्षकदिनाला तिचा मेसेज येतो, 'सर, तुमच्यामुळे मी इथे आहे.' मनापासून लिहिलेलं असतं, त्यात टोमणा नाही, म्हणूनच मला ते वाचवत नाही. मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो आणि फोन पालथा ठेवतो.

या वर्षी पुन्हा जाळीला कापूस चिकटला. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर एक प्रोग्रॅम लिहीत होतो. बाजार समिती मी आता घेत नाही. सगळ्या आकड्यांची बेरीज करून शेवटी उत्तर परत द्यायचं, असा साधा होता. पंजा आडवा ठेवून, चार बोटं सोडून, नेहमीसारखं. लिहून झालं, हात झटकले, "समजलं?" म्हणालो आणि सवयीने डस्टर घेतला.

"हो सऽऽर!"

"सर, ते चुकलंय."

आवाज मधल्या रांगेतून आला. साखरखेर्ड्याचा मुलगा, दिवाळीनंतर आमच्याकडे आलेला. त्या भागात मला कोणी ओळखत नाही. शेजारच्याने त्याचा शर्ट खाली ओढला, मला दिसलं. मुलाला आपण काय केलं ते कळेना. पण तोंडातून गेलं ते गेलं, म्हणून तो पुढे बोलला, "शेवटची ओळ लई आत गेली, सर. पहिल्याच आकड्याला उत्तर देऊन बाहेर पडायलंय ते."

कान तापले, अगदी तसेच. मला वाटलं होतं, कोणी सांगितलं तर लाज वाटणार नाही, बरं वाटेल. तसं काही होत नाही. लाज वाटतेच. मी फळ्याकडे वळून पाहिलं. माझीच चार बोटं, एकदा जास्त सोडलेली.

"ये. तू लिही," मी खडू पुढे केला.

तो आला. त्याने माझ्यासारखाच पंजा फळ्यावर आडवा ठेवला, बोटं बारीक होती. त्याने माझ्या ओळीखाली तीच ओळ योग्य जागी लिहिली आणि खडू परत द्यायला लागला. फळ्यावर आता दोन्ही ओळी होत्या.

"वरची पूस ना," मी म्हणालो आणि डस्टर त्याच्याकडे दिला.

त्याने डस्टर घेतला नाही. हात मागे नेले. "तुम्ही लिहिलेलं कसं पुसू, सर?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुसायला गेलो. खडू जरा जोरात टेकवून लिहायची माझी सवय, ओळ एकदा पुसून जाईना, दोनदा डस्टर फिरवावा लागला. मग मी वर्गाकडे तोंड केलं.

"आणखी कुठं चुकलं?"

मी डस्टर टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि वाट बघत उभा राहिलो.